ध्रुवावरचे अरण्य आणि पृथ्वीची ऊब



२०१७ च्या फेब्रुवारीत 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज पश्चिम अंटार्क्टिकाजवळ आमुंडसेन समुद्रात होते. पाइन आयलंड हिमनदीपुढच्या समुद्रतळाला छिद्र पाडून तिथला गाळ नळ्यांमध्ये वर काढण्याचे काम चालू होते. त्यातल्या एका जागचा गाळ बाकीच्यांसारखा नव्हता. तो सुमारे तीन मीटर जाडीचा, चिखलाचा झालेला दगड होता आणि त्यात मुळांचे जाळे जसेच्या तसे टिकले होते. वाहून आलेली लाकडे असती तर फारसे नवल नव्हते. ही मुळे त्याच मातीत वाढलेली, एकमेकांत गुंतलेली होती. सोबतचे परागकण आणि बीजाणू इतके शाबूत की झाडांची कुळे ओळखता यावीत: उंच सूचिपर्णी वृक्ष, वृक्षनेचे, आणि त्यांच्या खाली फुलझाडांची झुडपे. वय नऊ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे क्रिटेशस कालखंडातला ऐन उबदार काळ. ही जागा त्या वेळीही दक्षिण ध्रुवापासून जेमतेम ९०० किलोमीटर अंतरावर होती. तिथे वर्षातले चार महिने सूर्य उगवतच नाही. योहान क्लागेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा शोध मांडला, तेव्हा तिथले वार्षिक सरासरी तापमान त्यांनी १२-१३ अंश सेल्सिअस काढले. मग त्यांनी संगणकीय प्रारूपाला उलटा प्रश्न विचारला: एवढी ऊब ध्रुवाजवळ यायची तर काय काय लागेल? उत्तरात दोन अटी निघाल्या. हवेच्या दर दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, ११२० ते १६८० भाग हवा, म्हणजे औद्योगिक युगापूर्वीच्या चौपट ते सहापट. आणि जमीन मोठ्या हिमस्तरापासून मोकळी, झाडोऱ्याने झाकलेली हवी. नुसती पहिली अट पुरली नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही दुसरी अट आहे.

शाळेच्या भूगोलात आपण नाते एकाच दिशेने शिकतो. पाऊस किती आणि ऊन किती यावरून ठरते की सदाहरित वन येणार, पानझडी येणार की काटेरी झुडपे. हवामान हुकूम करते, वनस्पती तो मानतात. हवामानाचे प्रकार पाडणारा व्लादिमिर कोपेन हा वनस्पतींचा अभ्यास करून या विषयात आलेला माणूस. त्याने हवामानाच्या सीमा आखल्या त्याच मुळी झाडांच्या पट्ट्यांवरून. झाड हे हवामानाचे सर्वांत विश्वासू नोंदपुस्तक, हा त्यामागचा विचार होता आणि तो आजही चुकीचा नाही. फक्त तो अपुरा आहे. ज्या पुस्तकात नोंद होते त्याचाच नोंदल्या जाणाऱ्या गोष्टीवर परिणाम होत असेल, तर वाचणाऱ्याला दुप्पट सावध राहावे लागते. माझे म्हणणे असे आहे की पृथ्वीच्या उबदार भूतकाळात जंगल हे हवामानाचे फळही होते आणि कारणही. मात्र या कारणाची दिशा एकच नव्हती. शे-हजार वर्षांच्या हिशेबात ध्रुवांकडच्या जंगलांनी पृथ्वी आणखी तापवली, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात जंगलांनीच ती थंड केली. या दोन वाक्यांत विरोध दिसतो. तो खरा आहे का, हे पुराव्यावरून पाहू.

ध्रुवांवर जंगले होती, ही गोष्ट तशी नवी नाही. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथी दक्षिण ध्रुवावरून परतताना गोठून मेले. त्यांच्या स्लेजवर सुमारे सोळा किलो दगड सापडले. मरणाच्या दारातही त्यांनी ते टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे होते, आणि हेच झाड आपल्या वर्धा खोऱ्यातल्या दगडी कोळशाच्या थरांतही सापडते. पण स्कॉटचे दगड पर्मियन काळातले, आणि तेव्हाचे जग एकंदरीत गारठ्यातून बाहेर येणारे. खऱ्या उबदार जगाचा ठळक पुरावा पाहायचा तर उत्तर टोकाला, कॅनडाच्या अॅक्सेल हायबर्ग बेटावर जावे लागते. हे बेट आज ८० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तिथे गुडघाभर उंचीचे झाडही नाही. १९८५ मध्ये तिथल्या टेकड्यांवर झाडांचे बुंधे उघडे पडलेले दिसले. ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे, पण दगड झालेले नाहीत. करवतीने कापता येते, पेटवले तर जळते असे हे लाकूड आहे. अवतीभवती पाने आणि शंकू गळून पडल्यासारखे पडलेले. त्यातला मुख्य वृक्ष मेटासिक्वोया. गंमत अशी की शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये निव्वळ जीवाश्मांवरून त्याचे वर्णन केले, आणि पुढच्या काही वर्षांतच चीनमध्ये तो जिवंत उभा सापडला. बुंध्यांच्या घेरावरून आणि दाटीवरून संशोधकांनी या अरण्याची उंची काढली ती सुमारे ४० मीटर. आर्क्टिकमधला हा विरळ, खुरटा झाडोरा नव्हता. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जुन्या जंगलांशी तुलना व्हावी असे ते घनदाट वन होते. अॅक्सेल हायबर्गच्या शेजारच्या एल्समिअर बेटावर याहून थोड्या जुन्या थरांत मगरीच्या जातीतल्या अॅलिगेटरची आणि कासवांची हाडे मिळाली आहेत. २००४ मध्ये आर्क्टिक महासागराच्या तळातून काढलेल्या गाळात ताडकुळाचे परागकण सापडले, आणि एका थरात अॅझोला. हो, कोकणातल्या भातखाचरात आणि गोठ्यातल्या चाऱ्यात वापरतात तोच पाणनेचा. सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी त्याने जवळजवळ गोड्या झालेल्या आर्क्टिक समुद्राचा पृष्ठभाग लाखो वर्षे व्यापला होता.

आता अडचण सुरू होते. १९८० च्या दशकात एरिक बॅरन आदींनी क्रिटेशस आणि त्यानंतरचा इओसीन (अॅक्सेल हायबर्गच्या जंगलाचा काळ) या काळांचे हवामान संगणकावर उभे करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एक हट्टी विसंगती पुढे आली. हवेतला कर्बवायू वाढवला की सगळे जग तापते हे खरे, पण ध्रुव हवे तितके तापवायचे तर विषुववृत्त अशक्य वाटावे इतके तापते. उलट विषुववृत्त जीवाश्मांशी जुळेल असे ठेवले, तर ध्रुवांवर हिवाळ्यात बर्फ साचतो आणि अॅलिगेटर मरतात. खंडांच्या आतल्या भागाची तर फारच वाईट अवस्था. प्रत्यक्षात जिथे ताडाची झाडे उभी होती तिथे ही प्रारूपे कडाक्याची थंडी दाखवीत. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक त्या काळी आजच्यापेक्षा खूप कमी होता, आणि तो कमी करणारे काहीतरी हिशेबातून सुटत होते. कुणी समुद्रप्रवाहांकडे बोट दाखवले, कुणी ध्रुवीय ढगांकडे. पण आरंभीच्या अनेक प्रारूपांत एक साधी गोष्ट विचित्र होती: जमिनीचा पृष्ठभाग सगळीकडे सारखाच धरलेला होता. जिथे ४० मीटर उंचीचे जंगल उभे होते, तिथे संगणकाच्या लेखी माती होती, आणि हिवाळ्यात त्या मातीवर अखंड पांढरा बर्फ.

या चुकीचे वजन किती, हे आजच्या जगावरून कळते. मोकळ्या मैदानावरचा ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. तोच बर्फ सूचिपर्णी जंगलात पडला तर फांद्यांखाली जातो, वर गर्द हिरवे शेंडे उभे राहतात, आणि परत फेकला जाणारा प्रकाश २० टक्क्यांच्या आसपास उतरतो. १९९२ मध्ये गॉर्डन बोनन आणि सहकाऱ्यांनी आजच्या उत्तरेकडच्या तैगा वनांना संगणकात पुसून पाहिले. थंडी केवळ त्या पट्ट्यात वाढली असे झाले नाही; समुद्रावरचा बर्फ वाढला आणि उन्हाळ्यातही तो गारवा टिकून राहिला. १९९७ मध्ये बेट ऑटो-ब्लिस्नर आणि गार्लंड अपचर्च यांनी हीच युक्ती क्रिटेशसच्या अखेरीला लावली. जीवाश्मांवरून ठरवलेली वनस्पती प्रारूपात पेरली. ध्रुवीय जमीन वसंतात आणि उन्हाळ्यात जास्त तापली, ती ऊब शेजारच्या समुद्रात गेली, आणि समुद्रात साठलेल्या उष्णतेमुळे हिवाळ्यातला बर्फ उशिरा धरू लागला. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या गटांच्या कामाचा रोखही तोच होता. याला प्रत्यक्षाजवळची चाचणी हवी असेल तर सहा हजार वर्षांपूर्वीचे जग घ्या. तेव्हा पृथ्वीच्या कक्षेतल्या फरकामुळे उत्तरेला उन्हाळ्यात ऊन जास्त मिळत होते आणि तैगाची सीमा आजच्याहून उत्तरेला होती. जोनाथन फोली यांच्या १९९४ च्या अभ्यासात नुसत्या कक्षेच्या फरकाने उच्च अक्षांशांवर सुमारे दोन अंश वाढ निघाली. जंगलाचा विस्तार जोडला तेव्हा वसंतात त्यावर आणखी चार अंशांची भर पडली आणि बाकीच्या ऋतूंत सुमारे एका अंशाची. फळ म्हणून आलेली गोष्ट मूळ कारणापेक्षा मोठी झाली, निदान एका ऋतूपुरती.

पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो बिनतोड वाटतो. ध्रुवावर हिवाळ्यात चार महिने काळोख. काळोखात काळी वस्तू आणि पांढरी वस्तू सारखीच. परत फेकायला प्रकाशच नाही. मग सर्वांत अवघड कोडे जे हिवाळ्यातल्या उबेचे, ते जंगल कसे सोडवणार? याचे अर्धे उत्तर वर आले आहे: वसंतात आणि उन्हाळ्यात कमावलेली उष्णता पाणी साठवते आणि काळोखात परत देते. उरलेले अर्धे उत्तर पाण्याच्या वाफेत आहे. झाडे पानांतून पाणी उडवतात आणि बाष्प हा स्वतःच मोठा हरितगृह वायू आहे. अॅबिगेल स्वॉन आणि इनेझ फुंग यांच्या गटाने २०१० मध्ये आर्क्टिकच्या उघड्या जमिनीवर पानझडी झाडे पसरवून पाहिली, तेव्हा बाष्पाचा तापवणारा परिणाम काळेपणाच्या परिणामाच्या दीडपटीपर्यंत गेला. समुद्रावरचा बर्फ वितळून उघडे पडलेले पाणी त्यात आणखी वाफ घालते. हे सारे विशेष महत्त्वाचे आहे, कारण ध्रुवीय वनांत मेटासिक्वोयासारखी पानझडी झाडे फार होती आणि पाने गळालेले रान हिवाळ्यात तितकेसे काळे नसते. ती पानझडी का होती, हे अजून पुरते सुटलेले नाही. काळोखात जगण्यासाठी पाने टाकली, म्हणजे श्वसनाचा खर्च वाचला, असे पुस्तकांत अनेक दशके छापले जात होते. डेव्हिड बीअरलिंग यांच्या गटाने ध्रुवीय रात्रीसारखा काळोख केलेल्या काचघरांत रोपे वाढवून मोजले आणि २००३ मध्ये सांगितले की पाने टाकण्यात जाणारा कार्बन हा पाने राखण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट जास्त असतो. इतकी सुबक कल्पना मोजमापाच्या पहिल्याच धक्क्याला पडावी, ही विज्ञानातली मला आवडणारी गोष्ट.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सरासरी १२-१३ अंश असलेल्या जागी बर्फच फारसा पडत नसेल, तर बर्फ झाकून ऊब वाढवली हे बोलणे फोल ठरते. हे मला मान्य आहे. जंगलाचा हा परिणाम अतिउष्ण जगात आकुंचन पावतो. तो सर्वांत जोरकस असतो तो उंबरठ्यावर, म्हणजे बर्फ साचायचा की नाही हे ठरण्याच्या सीमेवर. पण उबदार काळ म्हणजे अखंड एकसारखा उन्हाळा नव्हता. पृथ्वीच्या कक्षेच्या फेऱ्यांनुसार हजारो वर्षांचे गारव्याचे कालखंड मधून मधून येत होते, खंडांच्या आतल्या भागात आणि डोंगरांवर सीमेवरची स्थिती कायम होती. अशा प्रत्येक वेळी जमीन उघडी असती तर बर्फाला पाय रोवता आला असता, आणि एकदा पांढरे पडलेले पांढरे राहू पाहते. क्लागेस यांच्या प्रारूपाने नेमके हेच दाखवले: कर्बवायू भरपूर असतानाही हिमस्तर मांडला तर अंटार्क्टिका थंड राहिली. जंगलाने तिथे केलेले काम थंडीला जागा न देण्याचे होते. ते मोजमापात कमी भरते, कारण जे घडले नाही त्याचे जीवाश्म मिळत नाहीत.

तिसरा आक्षेप कुणालाही सुचेल: आधी ऊब की आधी झाड? ध्रुवावर ऊब होती म्हणून झाडे आली. मग झाडांमुळे ऊब आली असे म्हणणे उलटे नाही का? घरात दही लागते त्याकडे पाहिले की हा प्रश्न सुटतो. थंडगार दुधात कितीही विरजण घाला, दही लागत नाही. नुसते कोमट दूध ठेवले तरी लागत नाही. कर्बवायूने दूध कोमट केले, जंगल हे विरजण. श्रेय कुणाचे, असा वाद दह्याच्या बाबतीत कुणी घालत नाही. ज्वालामुखींनी सोडलेला कर्बवायू हे मूळ कारण होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि जंगलाला त्याच्या जागी बसवण्याचा माझा हेतूही नाही. मुद्दा एवढाच की केवळ कर्बवायूचा आकडा सांगून ध्रुवाचे तापमान सांगता येत नाही.

यापेक्षा तज्ज्ञांना बोचणारा आक्षेप पुराव्याच्या जातीबद्दल आहे. प्राचीन तापमान काढण्याची एक जुनी रीत पानांच्या कडांवर उभी आहे: उष्ण प्रदेशातल्या रानात अखंड कडेची पाने जास्त, थंड प्रदेशात दातेरी कडेची. आता झाडांवरूनच तापमान काढायचे आणि मग त्या तापमानाचे कारण झाडे म्हणायचे, हे वर्तुळ झाले. वर्तुळ मोडायचे तर झाडांचा संबंध नसलेली साक्ष हवी. ती आहे. समुद्रातले सूक्ष्म जीव आपल्या पेशींच्या आवरणातली मेदद्रव्ये पाण्याच्या तापमानानुसार बदलतात आणि ती गाळात कोट्यवधी वर्षे टिकतात. त्यांच्यावरून आर्क्टिक समुद्राचा पृष्ठभाग ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या तीव्र उष्म्यात २३ अंशांपर्यंत गेल्याचे अनुमान २००६ मध्ये आले. शिंपल्यांतले ऑक्सिजनचे समस्थानिक वेगळ्या वाटेने त्याच दिशेला नेतात, आणि अॅलिगेटर तर पानाच्या कडा पाहत नाही. या साक्षी एकमेकींशी अंशाअंशाने जुळत नाहीत, पण दिशेबद्दल त्यांच्यात भांडण नाही.

सर्वांत ताजा आक्षेप ढगांचा. २०१९ मध्ये जियांग झू, क्रिस्तोफर पोल्सन आणि जेसिका टिअर्नी यांनी दाखवले की ढगांचे भौतिकशास्त्र सुधारले की इओसीनची ऊब, ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यातल्या कमी फरकासकट, बऱ्याच अंशी प्रारूपात उतरते. मग जंगलाची गरज काय उरली? या कामाचे मोल मोठे आहे, आणि १९९० च्या दशकात जंगलाच्या माथी मारलेला काही वाटा आता ढगांकडे जातो हे मान्य केले पाहिजे. पण दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. त्या प्रारूपात जमीन उघडी नव्हती. इओसीनचे जंगल तिथे आधीच पसरलेले होते, म्हणजे त्याचा परिणाम निकालात मिसळलेला आहे. आणि दुसरे, ढग हे जंगलापासून सुटे नाहीत. झाडे आयसोप्रीन, टर्पीन अशी द्रव्ये हवेत सोडतात. त्यांच्यापासून सूक्ष्म कण तयार होतात, ते ढगांना जास्त उजळ करून थंडावा देतात. तीच द्रव्ये ओझोन वाढवतात आणि दलदलीतून निघालेल्या मिथेनचे हवेतले आयुष्य लांबवतात, त्याने उष्णता वाढते. या बेरीज-वजाबाकीचे उत्तर प्राचीन जगासाठी अजून पक्के नाही, आणि कुणी ते पक्के म्हणून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

इथपर्यंत जंगल तापवणारे दिसले. आता दुसरे वाक्य: जंगलानेच पृथ्वी थंड केली. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या कैरो गावाजवळ एका जुन्या खाणीच्या तळाशी ३८ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या जंगलाची जमीन सापडली आहे. तिथल्या आर्किओप्टेरिस या झाडाची मुळे ११ मीटरपर्यंत पसरलेली दिसतात. अशी मुळे पृथ्वीवर आधी नव्हती. मुळे आणि त्यांच्यासोबतची बुरशी खडक फोडतात, मातीत आम्ल सोडतात. पावसात विरघळलेला कर्बवायू खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळतो, नद्या ते समुद्रात नेतात आणि तिथे त्याचा चुनखडक होतो. हवेतला कर्बवायू असा दगडात गाडला जातो. रॉबर्ट बर्नर यांनी आयुष्याचा मोठा भाग हा हिशेब मांडण्यात घालवला. त्यांच्या मते जंगले पसरल्यावर डेव्होनियन ते कार्बनिफेरस काळात कर्बवायू मोठ्या प्रमाणात उतरला आणि दक्षिण गोलार्धात हिमयुग आले. ही घसरण त्याआधीच बरीच झाली होती, असे अलीकडे काहीजण म्हणतात. तिच्या वेळेबद्दल वाद चालू राहील, प्रक्रियेबद्दल नाही. महाराष्ट्राचा काळा कातळही या कथेत येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला दख्खनचा बेसाल्ट हा लवकर झिजणारा खडक, आणि भारत उत्तरेकडे सरकताना तो विषुववृत्ताच्या ओल्या, दाट वनांच्या पट्ट्यात शिरला. डेनिस केंट आणि जोव्हानी मुत्तोनी यांनी २००८ मध्ये मांडले की या झिजेने कर्बवायू खाल्ला आणि इओसीनची ऊब ओसरण्यात तिचा हात आहे. मला ही कल्पना पटते, पण तिला एकमेव कारण मानायला मी तयार नाही.

जंगल काढून घेतले तर काय होते, याचा प्रयोग निसर्गाने एकदा केला आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, सैबेरियातल्या लाव्हाच्या महाउद्रेकांबरोबर, पर्मियन युगाची अखेर झाली. चंद्रपूर-वणीचा कोळसा ज्या दलदलीच्या ग्लॉसोप्टेरिस वनांतून झाला, तो वंश तेव्हा संपला. त्यानंतर जवळजवळ एक कोटी वर्षे जगात कुठेही कोळसा तयार झाला नाही. कोळसा व्हायला रानच उरले नव्हते. उद्रेक संपल्यावर कर्बवायू ओसरायला हवा होता, पण उष्णता सुमारे ५० लाख वर्षे हटली नाही. लीड्स आणि वूहान इथल्या संशोधकांनी २०२५ मध्ये जीवाश्मांवरून उष्ण कटिबंधातल्या वनांचा ऱ्हास नकाशावर मांडला आणि प्रारूपात घातला. कार्बन शोषणारी आणि खडक झिजवणारी यंत्रणाच मोडल्याने उष्णता लांबली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट टोकाचा पुरावा मार्क पगानी, बर्नर, बीअरलिंग आणि केन कॅल्डिरा यांनी २००९ मध्ये दिला: गेल्या दोन कोटी चाळीस लाख वर्षांत कर्बवायू फार खाली गेला की झाडेच उपाशी पडली, मुळांचे काम मंदावले आणि घसरण थांबली. म्हणजे दीर्घ काळात जंगल थंडावा देते आणि त्या थंडाव्याला तळही घालते. आरंभी दिसलेला विरोध इथे उलगडतो. झाडाच्या रंगाचा परिणाम त्याच वसंतात दिसतो, मुळांचा परिणाम लाखो वर्षांनी. झाड तेच, घड्याळे वेगळी.

विषुववृत्ताबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथे बर्फ नाही आणि गोष्ट सरळ आहे. केविन बॉइस यांनी पानांच्या शिरा मोजल्या. फुलझाडे सोडून बाकी सगळ्या वनस्पतींत, जुन्या आणि नव्या, दर चौरस मिलिमीटरला सरासरी सुमारे दोन मिलिमीटर लांबीच्या शिरा. फुलझाडांत सुमारे आठ. शिरा जास्त म्हणजे पाणी उडवण्याची ताकद जास्त. फुलझाडांचे जंगल आपला पाऊस बऱ्याच अंशी स्वतःच फिरवत ठेवते आणि पाण्याच्या बाष्पीभवनाने स्वतःला थंड राखते. इओसीनच्या उष्म्यात उष्ण कटिबंध होरपळून वैराण झाला नाही याचे हे एक कारण असावे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतले, पाच कोटी वर्षांहून जुने राळेचे खडे याची साक्ष देतात. ती राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची आहे आणि तिच्यात कीटकांचा भरगच्च संग्रह अडकला आहे. त्या उष्ण जगात, विषुववृत्ताजवळ, तिथे समृद्ध वर्षावन उभे होते.

या सगळ्याचा आजच्याशी संबंध काय, असे विचारले जाणारच. आज कर्बवायू दर दशलक्ष भागांत ४२० च्या वर आहे आणि टुंड्रा प्रदेशात झुडपे वर सरकत आहेत. त्यांच्या हिरवेपणाचे कौतुक करणाऱ्यांनी क्रिटेशसचा अनुभव लक्षात घ्यावा. तिथे हिरवे होणे म्हणजे आणखी तापणे. गोविंदसामी बाला, जे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, त्यांच्या गटाने २००७ मध्ये आजच्या जगासाठी दाखवले की उष्ण कटिबंधातली वने कार्बन शोषणे आणि बाष्पीभवन अशा दोन्ही हिशेबांनी थंडावा देतात, तर बर्फाळ उत्तरेत झाडे लावणे हवामानाच्या दृष्टीने उलटे पडू शकते. आणि हे केवळ बर्फापुरते नाही. इस्रायलच्या यातीर या अर्धशुष्क भागातल्या लागवडीच्या मोजमापातून, २०१० मध्ये, असे दिसले की फिकट जमीन काळी केल्याचा तोटा कार्बनच्या फायद्याने भरून निघायला कित्येक दशके लागतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट होते. पुढेही असे आकडे येत राहतील. ते ऐकताना आपण प्रत्येकाने दोन प्रश्न विचारावेत ही माझी विनंती आहे: झाडे कुठल्या जमिनीवर लावणार, आणि त्या जमिनीवर आधी काय होते? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचे उभे रान आणि माणदेशातले गवताचे माळ यांना एकच माप लावू नका. घाटमाथ्यावरचे रान आधी वाचवा, कारण तिथे पानांचा आणि मुळांचा, दोघांचाही परिणाम एकाच दिशेने, थंडाव्याकडे होतो.